रंगीत तालीम

सुरक्षा सप्ताहाचा चौथा दिवस.
पारोळ्याच्या पाटबंधारे उपविभागात रंगीत तालीम:
एक जण जखमी होणार,
बाकीचे त्याला वाचवणार.
परिपत्रकात वेळ दिलेली, सकाळी अकरा.
जखमीचं नाव दिलेलं नव्हतं.

भामरे साहेबांनी खिडकीतून पाहिलं,
फाटकात जो दिसला त्याला हाक मारली.
हिलाल उखा मालचे, कालवा चौकीदार,
बॅटरीचे सेल मागायला आला होता.

"ताई, मी काय करानं?"
मी म्हटलं, निंबाखाली पडून राहायचं. गेटवरून पडल्यासारखं.
"नुसतं पडी ऱ्हावानं?"
नुसतं.
"हाई जमी माले."

पिवळं हेल्मेट दिलं, अजून प्लॅस्टिकमधलं.
डाव्या पायाला लाल शाई लावली,
शेरे मारायची, माझ्याच टेबलावरची.
निंबाला नुकती पालवी, सावली चाळणीसारखी,
ऊन थेट त्याच्या तोंडावर.
हिलाल पडला.

शिट्टी वाजली.
वायरमन, ड्रायव्हर, दोन कारकून धावले.
स्ट्रेचर नव्हतं, म्हणून सभागृहातला गालिचा.
प्रथमोपचार पेटीची किल्ली माझ्याकडे,
पेटीत एक कात्री, सुकलेलं टिंक्चर
आणि कुणी कधी ठेवली कोण जाणे,
साखरेची पुडी.
चार मिनिटांत तो व्हरांड्यात.
टाळ्या झाल्या. फोटो झाला.
साहेब म्हणाले, उठ रे आता.

तो उठला नाही.
कुणीतरी म्हणालं, काय नट आहे!
परत टाळ्या.

ग्रामीण रुग्णालयातल्या सैंदाणे मॅडम
रक्तदाब तपासायला आल्या होत्या, शिबिरासाठी.
त्या खाली बसल्या,
लाल शाईचा पाय ओलांडून मनगट धरलं,
पट्टा बांधला, हवा भरली, सोडली,
पुन्हा भरली.
"किती रात्री झाल्या याला?"

कोणी बोलेना.
आवर्तन सुरू होऊन अकरा दिवस.
साखळी क्रमांक शून्यापासून चौदापर्यंत
रात्रभर चालायचं, फोडलेला पाट बुजवायचा,
अंधारात कुदळ घेऊन कोण उभं आहे ते ओळखायचं
आणि ओळखलं नाही असंही दाखवायचं.
मंजूर पदं सहा.
हजेरीपटावर सही एकाच हाताची,
शेवटी शेवटी ओळीखाली घसरलेली.
हजेरीपट मीच ठेवते.

"झोपू द्या," मॅडम म्हणाल्या,
"आणि उठल्यावर याला माझ्याकडे पाठवा.
आजच. सप्ताह संपल्यावर नाही."

मग सगळं कार्यालय व्हरांड्याला वळसा घालून चाललं.
शिपायाने घंटा वाजवली नाही.
पाण्याचे पाळीपत्रक मागायला आलेले चार शेतकरी
चपला हातात घेऊन उभे राहिले.
एकाने आपला पंचा त्याच्या तोंडावर टाकला,
उन्हासाठी.
त्याचीच कुदळ कदाचित
काल बाराव्या साखळीवर होती.

पावणेदोनला हिलाल उठला.
आधी घड्याळ पाहिलं, मग पाय,
घाबरला.
शाई आहे, मी म्हटलं.
हेल्मेट पुसून परत केलं त्याने, दोन्ही हातांनी.
"बरं पडनू ना, ताई?"

संध्याकाळी अहवाल.
प्रतिसादाचा कालावधी: चार मिनिटे.
जखमी: एक, काल्पनिक.
त्रुटी: निरंक
असं साहेबांनी तोंडी सांगितलं.
मी निरंक लिहिलं.
मग नवीन कागद घेऊन
रात्रपाळीचा तक्ता केला,
हिलालच्या नावापुढे चार रात्री रेघ मारली,
तिथे वायरमनचं नाव, ड्रायव्हरचं,
एका रात्री दोघा कारकुनांचं मिळून.
टिपणीत "ताण व्यवस्थापन" हा शब्द घातला,
परिपत्रकातलाच, पान तीनवरचा.
आणि फोटोंच्या गठ्ठ्याखाली
सहीला ठेवला.

साहेब वाचून सही करतात की न वाचता,
मला अजून ठाऊक नाही.
पेन उघडलंय त्यांनी.
खाली ड्रायव्हर विचारतोय,
बॅटरीचे सेल कोणाला द्यायचे.