रकाना सातवा

सावखेड्याखाली तापीचा काठ.
फॉर्मवर सातवा रकाना :
पाणमांजर. खुणा. आहे / नाही.

उखा भोई बोटानं हवेत दरड काढतो :
इथं होती, करंजाच्या मुळांत बीळ,
पिल्लं ओल्या चपलांसारखी चमकायची.
ती दरड ट्रॉल्यांतून गेली वाळूसकट,
चोपड्यात कुणाचा तरी स्लॅब झाली असेल.

शेवटची कधी दिसली?
तो साल सांगत नाही.
"बंधाराना दारं लागनात ना,
तवय मन्हं जायं फाडं तिनी.
गच गाया दिन्यात मी."
मग गप्प.
दिलेल्या शिव्या परत घेता येतात का
असं पाण्याकडं बघत राहतो.

पलीकडं केळीबागांच्या एकवीस मोटारी
एकाच घशानं नदी ओढतात.
लाइट रात्रीची.
पूर्वी दिवसा हुंदडणाऱ्या जिवानंही
आता रात्रपाळी धरली म्हणे,
माणसं झोपतात तेवढ्या वेळापुरती.

परतताना तेरा नंबरच्या मोटारीपाशी
सिमेंटच्या चौथऱ्यावर काळसर, ओली विष्ठा.
काडीनं उकलली :
खवले, खेकड्याची नांगी,
नायलॉनचा एक निळा धागा.

उखा गुडघ्यांवर बसतो. हुंगतो.
माशाचा, चिखलाचा, जुन्या ओळखीचा वास.
"शे," म्हणतो. "शे ती."

मी 'आहे'भोवती गोल करते.
ठिकाण : मोटार क्रमांक तेरा.
अधिवास :
इथं पेन थांबतं.

खांद्यावरचं जाळं सावरत
उखा पुढं निघालेला.
जाळं निळं.