इतर परिस्थिती स्थिर असताना

दापोलीला बारावीत हे वाक्य मी पाठ केलं होतं,
मागणीच्या नियमाच्या शेपटाला बांधलेलं.
दोन गुणांतला अर्धा गुण त्याचाच.
इथे शारजात डॉक्टर निदाल तेच लॅटिनमध्ये म्हणतात
आणि पांढऱ्या फळ्यावर हिरव्या पेनाची रेघ
घसरगुंडीसारखी उजवीकडे उतरते.

विद्यापीठ अवाढव्य.
यंत्रांची इमारत, विजेची इमारत,
तेलविहिरीवाल्यांचं तर कॅन्टीनही वेगळं.
अर्थशास्त्र म्हणजे तिसरा मजला, जिना चढून डावीकडे,
जिथला प्रिंटर बिघडला तर महिनाभर कुणाला कळत नाही.
लिफ्टमध्ये नकाशांची नळी घेतलेला एक मुलगा विचारतो,
"तुमचं उत्तर शेवटी येतं तरी का?"
मौजा शांतपणे सांगते,
"येतं. तोवर प्रश्न बदललेला असतो."

बाहेर सेहेचाळीस अंश.
आत आम्ही स्वेटर घालून बसतो,
ओलुमिदे तर कानटोपी घालतो.
हा गारठा कुठून येतो ते मला ठाऊक आहे.
पार्किंगच्या पलीकडे, कुंपणाला लागून,
जाळीच्या आड सहा चिलर आहेत.
पाचव्याचा आवाज घोगरा,
खिडकीला कान लावला तर इथवर येतो.
अब्बा त्याला म्हातारा म्हणतात.
दर दोन तासांनी ते वहीत लिहितात :
पाणी जाताना सहा अंश, परतताना तेरा.
मधल्या सात अंशांत आम्ही आठ हजार मुलं शिकतो.

एका मंगळवारी विषय निघाला बाह्यतेचा.
सौदा दोघांचा,
आणि खर्च पडतो तिसऱ्याच्याच अंगावर.
उदाहरणं द्या, सर म्हणाले.
कुणी धुराडं दिलं, कुणी मेलेले मासे,
मौजानं शेजारणीच्या ऊदाचा वास दिला, वर्ग हसला.
माझ्याकडे एक होतं.
आम्हाला नको असलेली उष्णता कुठेतरी जातेच ना,
ती सहा पंख्यांतून बाहेर पडते
आणि तिथे एक माणूस वही घेऊन उभा असतो.
त्याचे शर्ट मी बादलीत भिजवते,
पाठीवर मिठाच्या रेघा, एकीत एक,
भरती ओसरल्यावर हर्णैच्या वाळूत राहतात तशा.
हात पेनापर्यंत गेला, वर गेला नाही.
लाज नव्हती ती.
म्हणा हवं तर.

रोलाचा वड कधीच गेला, चौकाला नाव उरलं.
त्याच्या मागच्या गल्लीत आमची अर्धी खोली,
प्लायवूडच्या पलीकडे कुणाचा तरी मोबाइल कुराण म्हणतो.
"काय शिकवलान आज?" अब्बा विचारतात.
मी घटती उपयोगिता सांगते :
पहिल्या भाकरीत जेवढं सुख, तेवढं चौथीत नाही.
ते चौथी घेतात, कालवणात बुडवतात.
"तुझ्या सरांना सांग,
दुपारचा डबा तसाच परत आला असेल
तर चौथी ही पहिलीच असते."
ट्रंकेत फीचे सहा चेक, पुढच्या तारखांचे,
त्यांच्यावर पासपोर्ट ठेवलेला,
व्हिसाची तारख पाचव्या चेकच्या आधी संपते.
स्थिर म्हणजे काय असतं, हे मी त्यांना विचारत नाही.

परीक्षेत मात्र लिहिलं.
व्याख्या दोन ओळी, उदाहरण दीड पान,
म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजासकट.
सहापैकी पाच मिळाले.
समासात हिरव्या पेनानं :
'छान. पण खर्च कोणत्या एककात मोजलास?'

आज वर्गात थोडं उकडतंय.
मौजानं स्वेटर काढून खुर्चीला लावला,
ओलुमिदेचं डोकं पहिल्यांदाच दिसलं.
सर रेघ काढताहेत.
मी खिडकीला कान लावून बसले आहे.
पाच मोजते. पुन्हा पाच.