प्रश्न चौदावा

इथे अडीच वाजतात तेव्हा पोर्तुगालात नऊ.
दांडिया बाजारात खालचा चपलावाला
शटर अर्धं ओढून आडवा होतो,
आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर
कानाला हेडफोन लावून
परक्या देशाची सकाळ उघडतो.

आज पादत्राणं. काल फरश्या होत्या.
मागच्या आठवड्यात जहाजबांधणी,
तेव्हा समुद्र न बघता
एकोणीस गोद्यांशी बोलले मी.

विचारायचं ते ठरलेलं:
ऑर्डरी ऑनलाइन घेता का?
बिलं कागदावर, की कागदावाचून?
आणि चौदावा:
गिऱ्हाइकाची यंत्रणा
तुमच्या यंत्रणेशी
मधे माणूस न येता
बोलते का?

होय एक. नाही दोन. माहीत नाही नऊ.
तीन ते आठ या आकड्यांना
आमच्यात कामच नाही.

बाईचं नाव ग्रासा. कारखान्यात बावीस माणसं.
तिचं इंग्रजी तुटकं, माझं घाईचं,
तिच्या मागे कुणीतरी टाच ठोकत होतं,
थांबत होतं, परत ठोकत होतं.
चौदाव्याला ती थबकली.
मग म्हणाली, होय.
म्हणजे ऑर्डर येते, आपोआप येते,
मग मी ती छापते,
छापलेली वहीत डकवते,
वही दिराकडे नेते,
दीर वाचतो, चष्मा काढतो, म्हणतो,
मंगळवारी? शक्य नाही.
मग मी तिकडे फोन करते.
ते म्हणतात, बरं, शुक्रवारी द्या.
मग मी यंत्रात 'मान्य' दाबते.

मधे माणूस न येता? मी पुन्हा विचारलं,
नियमच आहे, दोनदा विचारायचं.
ती हसली.
माणूस कुठे, म्हणाली. दीर.

मी मेहुलभाईंकडे पाहिलं.
त्यांनी एक बोट वर केलं, चहाचा कप न ठेवता.
होय म्हणाली ना? चला पुढे.

रात्री वरच्या ऑफिसात आकड्यांना वजन देतात.
लहान कारखाना, उत्तरेकडचा, चामड्याचा,
असा एक सापडला की त्याच्यामागे
तीनशे बारा उभे करतात,
ज्यांना कुणी फोन केलेला नसतो.
त्या सगळ्यांचं होय.
दिरांसकट.

घरी आले तर मामंजी जागे.
मकरपुऱ्याला त्यांचं गॅस्केटचं युनिट, चार प्रेस,
आणि गेल्या दिवाळीपासून एका जर्मन कंपनीचं पोर्टल.
पासवर्ड दिनदर्शिकेवर, एकादशीच्या चौकोनात,
दर महिन्याला नव्या पानावर उतरवतात.
भाव तिकडून येतो, तारीख तिकडून येते.
'नाही'चं बटण आहे, राखाडी रंगाचं,
ते दबत नाही.

मी ताट वाढून घेता घेता विचारलं,
ऑफिसच्या आवाजात, गंमत म्हणून:
महोदय, गिऱ्हाइकाची यंत्रणा
तुमच्या यंत्रणेशी बोलते का?

त्यांनी चष्मा काढला. (हेही तसंच.)
बराच वेळ पुसत राहिले.
त्यांची बोलते, म्हणाले.
आपली ऐकते.

एक लिहू का दोन?
घरात कुणी बोट वर करत नाही.
आमटी गार झालेली,
तशीच जेवले.

मार्चमध्ये अहवाल आला, जाड, गुळगुळीत,
आमच्यासाठी एकच प्रत, तीही मागून घेतलेली.
हेतलने आधी आमची नावं शोधली. नव्हती.
मी पादत्राणं शोधली.
पान एकसष्ट: निळी पट्टी, शेकडा अठ्ठावीस,
मागल्या खेपेपेक्षा चांगलीच उंच.

पट्टीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं,
दोनदा. नियमच आहे.
कुठे डिंक लागला नाही.