तळ

ऐकू आलं की बटण दाबा. कितीही बारीक असलं तरी.
एवढंच सांगून मी हेडफोन चढवते
ओस्ला जेमिसनच्या विरळ पांढऱ्या केसांवर.
वय त्र्याण्णव. गाव हामर्सवो, शेटलंड.
महिन्यातून एकदा मी लेरविकहून येते
यंत्राची पेटी घेऊन
सभागृहामागच्या या खोलीत,
जिथे कप उपडे घातलेले असतात
आणि वारा खिडकीला सारख्या धडका देतो.
तो मला हिशेबातून वजा करावा लागतो.

माणसाचे उंच स्वर आधी जातात.
टिटवी जाते, किटली जाते, नातवंडं जातात,
स आणि श यांतला फरक जातो.
खर्ज तेवढा राहतो,
घर पडल्यावर जोतं उरतं तसा.

आठ हजार. काही नाही.
चार हजार. काही नाही.
पुढची पट्टी लावायला मी थांबते,
यंत्रातून काहीच जात नसतं,
आणि ती बटण दाबते.

पुन्हा दाबते.
टक्. टक्. टक्. एका लयीत.

काय ऐकू येतंय?
"होडी," ती म्हणते. "एका सिलिंडरची. नॉर्वेची."

तेव्हा ती नऊ वर्षांची.
वडिलांच्या जाळ्यांच्या कोठारात
सात पोरं राहायला आली समुद्रापलीकडून.
दिवसा झोपायची. आई त्यांचे मोजे धुवायची.
मासळीच्या पेट्यांखाली बंदुका,
तेलाच्या पिंपात तोफ, तिला सिमेंटचं लिंपण.
जाताना स्फोटकं न्यायची. येताना
कधी एखादी गरोदर बाई, कधी शाळामास्तर,
कधी नुसतंच वल्ह्यांवर गोठलेलं पाणी.
निघायची ती हिवाळ्यातच.
उन्हाळ्यात इथे रात्र होत नाही,
आणि अंधाराशिवाय कसलं आलंय युद्ध?
मे महिन्यात सगळे बटाटे लावायला मोकळे.

पोस्टात कुणी विचारलं तर सांगायचं, मासेमारी.
शाळेत विचारलं तरी मासेमारी.
"देवालासुद्धा मी तेच सांगायचे रात्री,
गुडघे टेकून:
मासेमारीला गेलेत, सांभाळ."

ती त्या जागेला बेस म्हणते. मी मनात तळ म्हणते.
आमच्या भाषेत सैन्य ठोकतं तो तळ,
आणि बुडालेली होडी जिथे टेकते तोही.
वेगळा शब्द करायची तसदी कुणी घेतली नाही.

हावदिस परतली नाही. फेब्रुवारी होता.
तोरलेइफचे मोजे चुलीवरच्या दोरीवर राहिले.
वाळून कडक झाले, तरी आईने काढले नाहीत.
बर्फ वितळला. मेंढ्या व्याल्या.
मग एका सकाळी वडिलांनी ते पायात चढवले
आणि जळणासाठी दलदलीतली माती कापायला गेले.
लोकर चांगली होती.
आई काही बोलली नाही.
त्या संध्याकाळी एकच पातेलं
तिने बराच वेळ घासलं.

मी हर्णैची. आमच्याकडेही
धुक्यातून होडी दिसायच्या आधी
बायका इंजिनावरून धनी ओळखतात.
हे मी तिला सांगत नाही.
मी कान तपासायला आलेय.

फॉर्मवर एक रकाना असतो: खोटे प्रतिसाद.
तिथे आकडा घालायचा.
मी पेन टेकवते, उचलते.

"झालं का?" मी विचारते, जरा मोठ्याने.
तिचे डोळे मिटलेले,
अंगठा बटणावर.
"थांब," ती म्हणते,
"अजून धक्क्याला लागायचीय."

बाहेर बाकावर दोन माणसं आहेत.
एकाची वेळ सव्वाअकराची होती.
मी दार थोडं उघडते आणि हाताने खूण करते,
बसा.