अर्धा सूत

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर
दुसऱ्यांच्या लिफ्टच्या पुल्या कातल्या
बाळगोंडाकाकांनी.

आता व्हीलचेअरवरून फिटर पोराची उलटतपासणी:
"खड्डा किती? दार कुठल्या अंगाला उघडतंय?
लाईट गेली तर मी मधेच लोंबकळू व्हय?"
बॅटरी आहे, आजोबा.
"आजोबा कुणाला म्हणतोस?"

जागा निघाली ती फक्त काकूच्या शिलाई मशीनची.
काकू काही बोलली नाही,
बॉबिनची डबी तेवढी पदराखाली नेली.

रूळ उभा राहिला
तेव्हा काका एक डोळा मिटून म्हणाले,
"अर्धा सूत बाहेर आहे."
पोरानं हसत ओळंबा सोडला.
हसू थांबलं.

पाच वर्षांनी वरच्या खोलीत पोचले
तर खिडकीशी मशीन.
सुईत दोरा ओवत, मान न वळवता काकू:
"दार लावा, वारं येतंय."