खंदक चार, थर सात

भांडं अर्धं कापून दाखवायचं, हा आमचा नियम:
डावीकडे जाडी, उजवीकडे चेहरा.
एकतीस वर्षं येरवड्याच्या या खोलीत
मी खापरांचे चेहरे ठिपक्याठिपक्यांनी काढतोय.
घोडनदी, प्रवरा, गिरणा
मला कधी जाऊन बघाव्या लागल्या नाहीत;
टेबलावर आल्या, पिशवीत, चिठ्ठी बांधून.

डिसेंबरात राकिया सावादोगो आली.
सामानात कपडे कमी,
बुटाच्या खोक्यात कापूस, कापसात डब्या.
तिच्या देशाला समुद्र नाही.
तिथलं एक टेकाड. म्हणाली, वीसेक घरांचं गाव असेल,
जळलं, त्याच्यावर पुन्हा गाव, पुन्हा जळलं.
खंदक चार, थर सात:
चूल, चुलीशी घासून खोलगट झालेला पाटा,
आणि एका लहान मुलाच्या कमरेपाशी
अकरा मणी.

लाल अकीक. मी एक भिंगाखाली धरला,
भोकात डोकावलो.
दोन्हीकडून पाडलेलं, मधे केसभर चुकलेलं.
हा हात मी पाहिलाय, म्हणालो.
खंबायतेकडचा असावा.
'असावा' हा आमच्या धंद्यातला
त्यातल्या त्यात खरा शब्द.

ज्यानं भोक पाडलं त्यानं वाळवंट पाहिलं नव्हतं.
ज्यानं उंटावर लादला त्याला खंबायत माहीत नव्हतं.
सगळी वाट चालला तो एकटा मणी,
दर बाजारात नाव बदलत,
आणि शेवटी ज्याच्या कमरेला बांधला
ते पोर अजून नीट चालतही नसेल.

दुसऱ्या डबीत कवडी.
पाठ घासून काढलेली, ओवता यावी म्हणून.
तुमच्याकडे काय म्हणतात हिला?
कवडी, म्हणालो, आणि तिथंच थांबलो.
कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी देणार नाही,
हे पाहुणीला कुठल्या तोंडानं सांगायचं?
ती म्हणाली, आमच्यात पैशाला लिगदी म्हणतात,
कवडीलाही लिगदीच.
मला थोरल्या आत्याची माळ आठवली.
आराधी होती ती. दारात उभी राहिली की
आधी कवड्या वाजायच्या, मग ती बोलायची.
त्या कवड्या कुठल्या समुद्रातल्या
हे घरात कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिसरी डबी तिनं शेवटी उघडली.
जळालेले दाणे, मुंगीच्या डोक्याएवढे.
बाजरी, म्हणाली.
तुमच्या बाजरीपेक्षा जुनी, आणि हसली.

भोगीला तिला विश्रांतवाडीला घरी नेलं.
हेमलता तीळ लावून भाकरी थापत होती.
राकियानं थापून पाहिली, ती काठाशी फाटली,
तरी तव्यावर टाकली. फुगली नाही.
हेमलता म्हणाली, सवयीनं जमतं हो,
ही आमच्या देशावरचीच बाजरी,
बाहेरच्या माणसाच्या हाताला लवकर ऐकत नाही.
राकियानं माझ्याकडे पाहिलं.
मी लोण्याचा गोळा पुढे सरकवला.
जेवताना मी कालगणनेवर बोलत नाही.

उठताना तिनं भाकरीचा करपलेला काठ मोडला,
पर्समधून नमुन्याची पिशवी काढली,
आत टाकून चिठ्ठी लिहिली.
मी वाकून वाचली:
पुणे, विश्रांतवाडी. खंदक नाही.
थर: सर्वांत वरचा.

उरलेली अर्धी भाकरी ताटात होती,
मोडल्या जागी तिची जाडी दिसत होती.
ती मी खाल्ली.