छाट

ताईचं करिअर दोन ओळींत बसतं:
एकदिवसीय सात, बळी नऊ,
सर्वोत्तम एकोणतीस धावांत तीन.

त्यात विडी घरकुलातली भिंत नाही,
जिच्यावर मी कोळशानं स्टंप काढले होते,
मधला वाकडा.
पुसून नीट काढतो म्हटलं तर म्हणाली,
राहू दे बे, चेंडू पण वाकडाच येणारे.

अम्मा उंबऱ्यात बसायची, मांडीवर सूप.
ओलं पान कात्रीनं कापलेलं, चिमूटभर तंबाखू,
आणि मग ते (जवळून बघितलंय कधी?)
अंगठा पुढं, बोट मागं,
एक वळसा,
नखानं तोंड बंद.
दिवसाला हजार वेळा.

लेगस्पिन कुणी शिकवला गं तुला,
पार्कवरचे सर विचारायचे.
ताई बुटाची नाडी बांधत बसायची.
सांगितलं असतं तर म्हणाले असते, विडीवालीची पोर.
न सांगता पण म्हणालेच.

कारखान्यात चेकर बसायचा.
कट्टा सोडून, बोटांनी चाचपून
एकेक बाजूला फेकायचा:
छाट. छाट. ही पण छाट.
हजारात दीडशे.
छाटलेल्याचे पैसे नाहीत.
छाटलेल्या विड्या परत पण नाहीत.
त्या कुणीतरी ओढतच असणार,
फुकटच्या.

पहिल्या वर्षी यादीत नाव आलं नाही.
ताई भिंतीकडं तोंड करून झोपली दोन दिवस.
अम्मानं कडक भाकरी मोडली, वर शेंगाचटणी, वर तेल,
ताट सरकवलं आणि विचारलं,
किती जणी होत्या?
अडतीस.
घेतल्या किती?
पंधरा.
अम्मा जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, चेकर कडक आहे.

नंतर डुनेडिन.
चव्वेचाळीस डिग्रीत घामानं निसटणारा चेंडू
धरायला शिकलेली बोटं
तिथल्या गारठ्यात लाकडासारखी झाली.
इथं पहाटेचे पाच,
शेजारच्या दुडमांच्या अंबादासचा मोबाईल,
रेंज मोरीच्या कट्ट्यावर उभं राहिलं तरच.
वाइड. वाइड. चौकार.
अम्मा अंधारातून: छाट किती?
तीन.
मग स्क्रीन गोल गोल फिरत राहिली
आणि थांबली तेव्हा
ताईच्या नावापुढं एक आकडा होता.
मी ओरडलो. खालच्या मजल्यावरनं शिव्या आल्या.

तिला कुणी काढलं नाही.
पुढच्या दौऱ्याच्या यादीत ती नव्हती, इतकंच.
खांदा दुखतोय हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं,
तरी कसं कळलं कोण जाणे.
आता रेल्वेत आहे. काळा कोट.
तिकीट बघताना लोक चेहरा बघत नाहीत,
बरं आहे म्हणते.
देशाचा ब्लेझर कपाटात, खिशात कडुलिंबाचा पाला.

मागच्या रविवारी जिल्ह्याची निवड होती,
सोळा वर्षांखालच्या मुली.
टेबलामागं तीन खुर्च्या, मधली ताईची.
एकीचे बूट भावाचे होते, पुढं कापूस कोंबलेला.
एक अक्कलकोटाहून पहिल्या एसटीनं आलेली,
तिचा गुगली पडला नाही. दोनदा पडला नाही.

संध्याकाळी घरी आली ती थेट मोरीत.
नळ बराच वेळ चालू.
ताटाला हात लावला नाही.
अम्मानं विचारलं, किती छाटल्या?
सव्वीस.
नावं सांग.

ताईनं पर्समधनं कागद काढला,
पावती पुस्तकाचं मागचं पान,
बारीक अक्षर, ओळीत ओळ घुसलेली.
वाचायला लागली.
अम्मा ऐकत होती
आणि रिकाम्या मांडीवर तिची बोटं वळत होती,
सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही,
एक नाव, एक वळसा,
नखानं तोंड बंद.

अकराव्या नावाला लाईट गेली.
ताई थांबली नाही.